बोहाड्याचे लगद्याचे मुखवटे: कान वळतात, नाकाशी भेग पडते, रंग सुटतो

मोखाड्याचा_सोंगाड्या

मंडळी, गावच्या बोहाड्यासाठी (मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याचा आमचा रात्रीचा उत्सव) नरसिंह आणि रावण हे दोन मुखवटे नव्याने करायला घेतलेत. जुने उंबराच्या लाकडाचे होते, ते वाळवीने पोखरले. तसलं लाकूड आता हाताशी नाही, म्हणून कागदाचा लगदा.

केलं ते असं: शाडूचा चेहरा घडवला, त्याला तेल लावलं, वर एकदम इंचभर जाड लगदा थापला (वर्तमानपत्र, मैद्याची खळ, थोडा फेविकॉल) आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवला. नरसिंहाचे वीतभर उंच कान आतल्या बाजूला वळले. नाक आणि गाल जिथे मिळतात तिथे नख जाईल एवढी भेग पडली. वर ऑइलपेंट दिला तर आठवड्यात कपाळावरून पापुद्रे सुटायला लागले. वजन २ किलो ८०० ग्रॅम. संबळ सुरू झाला की पाच मिनिटांत मान भरून येते.

सोंगं निघायला दीड महिना आहे. हेच दोन दुरुस्त करू की नव्याने करू? प्लास्टरचा साचा काढून घ्यावा असं एकजण म्हणतो, त्याचा काही उपयोग आहे का?

---

खळ_आणि_कागद

तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे इंचभर लगदा एकदम थापणं. पिळून घेतलेल्या लगद्यातही कागदापेक्षा पाणीच जास्त असतं. उन्हात वरची साल आधी वाळते आणि आवळते, आत मात्र ओलाच असतो. त्यातून नाक भरीव केलं असेल तर तिथे दोन-अडीच इंच माल आणि शेजारी गालावर एकच इंच. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आकसतात, मग जिथे जाड-पातळ बदलतं तिथेच फाटतं. खाली शाडूचा गोळा घट्ट, तो काही लगद्याबरोबर आत सरकत नाही. भेग पडली नसती तरच नवल.

आता लगदा. वर्तमानपत्र चालतं, अंड्यांचे ट्रे त्याहून बरे. मासिकांचा चकचकीत कागद नको, त्यावर मातीचा लेप असतो आणि तो नीट फुटत नाही. कागद हाताने पोस्टाच्या तिकिटाएवढा फाडायचा, चार दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी अर्धा तास उकळून उखळात कुटायचा. मिक्सर वापरणार असाल तर भरपूर पाणी आणि एका वेळी मूठभरच कागद, नाहीतर मोटर जळते. मग फडक्यात पिळायचा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार नको.

कोरडा कागद १ किलो असेल तर त्याला १५० ग्रॅम मेथी (रात्रभर भिजवून गुळगुळीत वाटलेली), ६०० ते ७०० मिली चिंचोक्याची घट्ट खळ आणि ३०० ग्रॅम चाळलेली खडूची पूड. मेथीचा बुळबुळीतपणा लगद्याला एकत्र धरतो. खडूमुळे आकसणं कमी होतं, पण वजन वाढतं आणि जास्त झाला तर कडा ठिसूळ होतात. म्हणून ३०० च्या वर जाऊ नका.

खळीसाठी चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची आणि दळून आणायचे. १०० ग्रॅम पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवायचं, मग एकूण १ लीटर पाणी होईल असं बेताने वाढवायचं. थेट गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मंद आचेवर २०-२५ मिनिटं, पळीच्या पाठीवर साय धरेपर्यंत. मैद्याच्या खळीपेक्षा ही चिवट आणि वाळल्यावर कमी ठिसूळ. टिकण्यासाठी काहीजण मोरचूद टाकतात, पण ते विष आहे आणि मुखवटा तोंडाला लागतो. लवंग तेलाचे ८-१० थेंब टाका आणि खळ दोन दिवसांत संपवा.

लगदा बरोबर झाला का ते असं बघायचं: लिंबाएवढा गोळा तळहातावर भाकरीसारखा दाबायचा. कडा फाटल्या तर खळ कमी आहे. हाताला चिकटून ओढला गेला तर जास्त.

थापताना शाडूवर तेल नको, तेल लगद्यात मुरतं आणि पुढे रंग धरत नाही. त्याऐवजी ओल्या वर्तमानपत्राचे दोन थर खळीशिवाय चिकटवा. माती नंतर त्यावरून सुटते. मग खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे दोन थर, त्यावर लगदा फक्त ४ मिमी, चमच्याच्या पाठीने दाबून. दोन दिवस सावलीत, वाऱ्याला. मग पुन्हा ४ मिमी. संपली जाडी. याहून जास्त कशाला हवी? नाक, भुवया, गालफडं यांचे उंचवटे चुरगळलेल्या कोरड्या कागदाचे करून दोऱ्याने बांधायचे आणि त्यावर तोच ४ मिमीचा थर चढवायचा. नाक पोकळ राहतं, भेग पडत नाही आणि पाव किलो तरी वजन वाचतं.

वरून टकटक केल्यावर कोरडा आवाज यायला लागला, पण आतली माती अजून नखाने निघते, अशा वेळी माती चमच्याने कोरून काढा. माती दगडासारखी झाली की ठोकावं लागतं आणि हनुवटी तुटते. चेहरा रिकामा झाला की लगेच आतून मांजरपाटाचे दोन थर खळीने बसवा आणि कानशिलापासून कानशिलापर्यंत बांबूची एक कामटी आडवी बांधून ठेवा. बाहेरून कागद आणि आतून कापड असे दोन्हीकडून ताण आले की मुखवटा पिळत नाही. कामटी पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने काढायची.

कान चेहऱ्याबरोबर थापूच नका. कामटीचा किंवा जाड तारेचा सांगाडा करून त्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच थर द्या, सपाट फळीवर वजनाखाली वाळवा आणि शेवटी कापडाच्या पट्टीने जोडा. एकाच बाजूने जास्त थर असलेला कान त्या बाजूलाच वळणार.

---

साचेवाली_ताई

वरचं सगळं पटलं. साच्याबद्दल सांगते.

एकच नरसिंह करायचा असेल तर साच्याचा खटाटोप नको. पण रावणाच्या बाजूच्या तोंडांसाठी साचा हवाच. नऊ लहान चेहरे एकेक घडवत बसाल तर एकाचंही माप दुसऱ्याशी जुळणार नाही.

इथे व्हेनिसच्या कार्निव्हलच्या मुखवट्यांची रीत कामाची आहे. तिथे मुखवटे करणाऱ्यांना मास्केरारी म्हणतात आणि त्यांच्या व्यवसायाचे नियम १४३६ सालीच लिहून ठेवले गेले. १७९७ मध्ये प्रजासत्ताक पडलं आणि कार्निव्हल बंद झाला, तो १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यांचं काम उलट्या बाजूने चालतं. मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टर ओतून खोलगट साचा काढतात आणि कागद साच्याच्या आतून दाबतात. म्हणजे साच्याला चिकटलेली बाजू हीच पुढे दर्शनी बाजू होते. ती आधीच गुळगुळीत असते. आपण मातीच्या वरून थापतो, त्यामुळे आपली ओबडधोबड बाजू बाहेर येते आणि ती घासण्यात दोन दिवस जातात. दुसरं म्हणजे ते लगदा न वापरता कागदाचे थर वापरतात. २-३ मिमी जाडीत काम होतं.

साच्यासाठी १ किलो प्लास्टरला साधारण ६५० ते ७०० मिली पाणी. पाण्यात प्लास्टर शिंपडायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर हवेचे बुडबुडे आणि गाठी. पहिला थर पातळ, ब्रशने नाकपुड्यांत, ओठांच्या कडांत नीट उडवायचा, कारण बुडबुडे तिथेच अडकतात. मग सुतळीचे तुकडे प्लास्टरमध्ये बुडवून आडवे-उभे घालत जाडी अडीच-तीन सेंटीमीटर करा. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. कुणाच्या चेहऱ्यावरून थेट साचा काढायचा विचारही करू नका, भाजतं.

उतरवण्याआधी वरून बघा: भुवईखाली, नाकपुडीमागे, हनुवटीखाली आत वळणारी जागा आहे का? असेल तर कडक मुखवटा तिथे अडकतो. रावणाच्या लहान तोंडांत अशा जागा आधीच मातीने भरून टाका. नरसिंहाचा उघडा जबडा मात्र एका साच्यात निघणारच नाही, त्याला दोन तुकड्यांचा साचा लागतो. म्हणून म्हटलं, त्याला साचा नको.

साचा किमान आठवडाभर वाळवा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात. वापरताना दर वेळी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात, तोही पुसून घेतलेला. वर खळ_आणि_कागद यांनी तेलाला नाही म्हटलंय ते बरोबरच आहे. इथेही उरलेलं तेल रंगाच्या आधी ओल्या फडक्याने आणि बारीक पॉलिश पेपरने काढावं लागतं.

कागद फाडायचा, कातरायचा नाही. फाटलेली कड धाग्याधाग्यांनी पातळ होत जाते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळते. कातरलेली कड पायरीसारखी राहते आणि रंगाखालूनही दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असं आलटून पालटून सहा थर द्या, म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरूनच कळतं. एकेका तुकड्याचा आकार दोन बोटं रुंद, नाकाजवळ एक बोट.

---

रंगरंगोटी

पापुद्र्यांबद्दल. तुमच्या मुखवट्यात तेल मुरलेलं आणि आत ओल. वर ऑइलपेंटने बाहेरचा रस्ता बंद केला. आतली वाफ निघायला जागा नाही, ती रंगालाच ढकलून बाहेर येते. कपाळावर आधी सुटलं कारण तिथे थर सगळ्यात जाड असणार.

वाळला की नाही हे हाताला कळत नाही. रोज एकाच वेळी वजन करा. लागोपाठ तीन दिवस वजन तेच राहिलं की वाळला.

मग अस्तर: चाळलेली खडूची पूड आणि डिंकाचं पाणी, साईसारखं पातळ. डिंक कमी पडला तर बोटाला पांढरं लागतं, जास्त झाला तर वाळताना कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा, एक आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२०. पूड नाकात जाते, तोंडाला रुमाल बांधा.

रंग पोस्टरचे किंवा अ‍ॅक्रिलिक. गेरू, काजळ, पांढरी माती हे डिंकात घोटून अजूनही उत्तम लागतात, फक्त घामाचा हात लागला की पुसतात, म्हणून कडांवर अ‍ॅक्रिलिकच. ऑइलपेंटचं चकचकीत अंग नको, आणि ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. बोहाडा रात्रीचा. टेंभ्याचा उजेड खालून आणि बाजूने येतो. चकचकीत गालावर त्या ज्योतीचा पांढरा ठिपका नाचत राहतो आणि डोळे दिसतच नाहीत.

अजून एक, जे दिवसा रंगवताना लक्षात येत नाही. खालून उजेड आला की सावल्या उलट्या पडतात. भुवईखाली जी खोबण दिवसा काळी दिसते ती रात्री उजळते, आणि गालाचा वरचा भाग अंधारात जातो. म्हणून खालच्या पापणीची रेघ वरच्यापेक्षा जाड काढा आणि बुबुळाभोवती पांढरं भरपूर सोडा. रंगवून झाल्यावर मुखवटा अंधारात टांगा, खाली कंदील ठेवा आणि वीस पावलांवरून बघा. राग दिसतोय का? नसेल तर भुवया अजून मधे खाली ओढा.

---

खळ_आणि_कागद

रंगरंगोटी, डिंकाच्या अस्तराला एक हरकत. मोखाडा-जव्हारकडे पावसाळ्यात डिंकाचं अस्तर ओल ओढतं आणि मऊ पडतं. शेवटच्या हातात डिंकाऐवजी पातळ फेविकॉल (एकास तीन पाणी) घ्यावा.

---

रंगरंगोटी

चालेल, पण फक्त शेवटच्या हातात. तिन्ही हात फेविकॉलचे दिले तर पॉलिश पेपर रबरावर घासल्यासारखा चिकटतो आणि सपाटी येत नाही.

---

चुंबळ

सगळे चेहऱ्याबद्दल बोलताहेत, मानेचं कोणी काढत नाही. २ किलो ८०० ग्रॅम वजन डोक्यावर असतं तर काही नव्हतं, पाण्याची घागर याहून जड असते. पण ते चेहऱ्यापुढे वीतभर लटकतंय. तेच मान मोडतं. वजन कमी करा हे खरंच, पण त्याआधी ते मागे आणा.

मुखवट्याच्या आत कपाळाच्या वरच्या अंगाला कापडाची चुंबळ शिवा, टाळूवर बसेल अशी. मुखवट्याने चेहऱ्याला फक्त दोन जागी टेकायचं: कपाळ आणि टाळू. नाकावर, गालावर टेकला तर नाचताना तिथली कातडी सोलवटते. बांधायला तीन नाड्या. दोन कानशिलांवरून मागे, तिसरी टाळूवरून मानेमागच्या गाठीला. सुती नाडी घ्या, नायलॉनची घामाने सरकते. नाडीची भोकं कडेपासून किमान दोन बोटं आत आणि प्रत्येक भोकाखाली आतून कापडाचं ठिगळ, नाहीतर पहिल्याच उडीला कड फाटते. रावणाच्या बाजूच्या तोंडांची रांग चेहऱ्याच्या पातळीत न ठेवता चार बोटं मागे, कानांच्या रेषेत घ्या. त्यांना साचेवाली_ताईंनी सांगितलेल्या सहा थरांऐवजी चारसुद्धा पुरेत.

तोंडापुढे तीन बोटं मोकळी जागा हवी. श्वासाची वाफ आत धरते आणि कागद तिथेच आधी मऊ पडतो. आतल्या ओठांच्या भागाला लाखेचे दोन हात द्या आणि वर टाके घालून बसवलेलं, काढून धुता येणारं अस्तर. (व्हेनिसच्या बाउता मुखवट्याचा वरचा ओठ पुढे छपरासारखा काढलेला असतो, म्हणजे मुखवटा न काढता खाता-पिता येतं. आवाजही बदलतो. आपल्याला त्यातलं छप्पर घेता येईल, नरसिंहाचा जबडा उघडाच आहे.)

डोळ्यांची भोकं बुबुळात पाडू नका. मोठ्या मुखवट्यात माणसाचे डोळे सोंगाच्या डोळ्यांच्या खाली येतात. आधी नुसता चेहरा बांधून आत खडूने खूण करा, बहुतेक वेळा ती नाकपुड्यांत किंवा वरच्या दातांच्या फटीत येते. सोंगाला दूरचं दिसायची गरज नसते, पायाखालचं दिसलं पाहिजे. म्हणून भोक खालच्या बाजूला लांबट.

आता आयाळ. तागाची करणार असाल तर टेंभ्याजवळ ती क्षणात पेटते, आणि मुखवटा मागून बांधलेला असतो, झटक्यात निघत नाही. २ लीटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ८५-९० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, ताग त्यात भिजवून न धुता सावलीत वाळवा. रंग त्याच्या आधी द्यायचा. एक बट कापून घराबाहेर आगकाडी लावून बघा: ज्योत काढली की विझली पाहिजे. यामुळे ताग पेटतच नाही असं नाही, फक्त वेळ मिळतो. नाडीची गाठ ओढताच सुटणारी ठेवा आणि सोंगाबरोबर चालणाऱ्याला ती कुठे आहे ते दाखवून ठेवा. पोशाखातही पॉलिस्टर नको, ते वितळून अंगाला चिकटतं. लुगडं किंवा धोतर सुती, घोट्याच्या चार बोटं वर, आणि घुंगरांखाली कापडी पट्टी. नाहीतर घुंगरांचा पट्टा निऱ्यांत अडकून माणूस पडतो.

---

मोखाड्याचा_सोंगाड्या

सगळ्यांचे आभार. मग ठरवतो: रावण नव्याने, बाजूची तोंडं साच्यातून. पण नरसिंहाचा चेहरा झक्क जमलाय, तो टाकवत नाही. वाचेल का? आणि मैद्याच्या खळीने काय होईल?

---

खळ_आणि_कागद

वाचेल. कान कापून काढा आणि वर सांगितले तसे नवे जोडा. वळलेला कान ओला करून सरळ केला तरी पहिल्या दमट रात्री परत वळतो.

आतून नाक आणि गालफडांमागे कोरा. तिथे अर्धा इंच तरी जास्तीचा माल आहे, खरवडून ८-१० मिमी जाडी ठेवा. दर दहा मिनिटांनी जाडी तपासत जा, त्याहून पातळ होऊ देऊ नका. दोन ८०० चं दीड किलोवर येईल. भेग भरायला लाकडाची पुट्टी वापरू नका, ती घट्ट असते आणि भेगेच्या कडेने पुन्हा सुटते. भेगेच्या दोन्ही कडा खळीने ओल्या करा, त्यात खडू न घातलेला, जास्त मेथीचा लगदा बोटाने दाबा आणि आतून कापडाची पट्टी आडवी लावा. बाहेरून पट्टी लावली तर फुगवटा दिसतो.

ऑइलपेंट मात्र सगळा घासून काढावा लागेल, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने. तेल मुरलेल्या जागी कागद काळपट दिसेल. तिथे लाखेचा एक हात द्या, तेल खाली अडकून राहतं, मगच अस्तर.

मैद्याच्या खळीला झुरळं, उंदीर, कसर सगळे येतात. आतून मांजरपाट चिंचोक्याच्या खळीने बसवलंत की बरंच झाकलं जाईल. बोहाडा झाला की आतलं अस्तर काढून धुवा, मुखवटा दोन दिवस सावलीत वाळवा आणि पावसाळ्याआधी माळ्यावर टांगा, चुलीचा धूर पोचेल अशा जागी. भिंतीला टेकवू नका. आणि टांगायचा तो टाळूवरच्या नाडीने, कानाला दोरी बांधून नव्हे.

---

चुंबळ

माळ्यावर चढवण्याआधी आत वर्तमानपत्र चुरगळून भरा. नुसता टांगलेला रावण आषाढात कानशिलांतून आत दबतो.